पांढरीच्या पोटात

संक्रांत जवळ आली की माझ्या दुकानात काळ्या कापडाचे ढीग लागतात. वर्षभर काळ्याकडे न बघणाऱ्या बायकांना या दिवसांत काळंच हवं असतं, आणि ते कालच शिवून व्हायला हवं होतं अशा चेहऱ्यानं त्या दारात उभ्या राहतात. मी क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत ब्लाऊज शिवते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी मातीच्या भांड्यांबद्दल शहाणपणा करायला लागले तर वाचणाऱ्याला माझी पायरी ठाऊक असेल. तर या दिवसांत चौकात बोरांच्या हातगाड्या येतात. पैठण रोडला हुरड्याचे बोर्ड लागतात, त्यांवर चूल, झोका आणि बैलगाडीची चित्रं असतात, आणि ते बघून मी चिडते. बैलगाडीत बसायला माणसं पेट्रोल जाळून जातात. चिडते, पण एसटीची काच सरकवते, कारण भाजलेल्या कणसांचा वास आत येतो आणि मला माझ्या भावाचं रान आठवतं.

खरं म्हणजे रान नाही, एक हंगाम आठवतो. त्या हंगामात आमच्या रानातून तीन हजार वर्षांपूर्वीचं एक घर निघालं, आणि त्या घराच्या भुईखाली पुरलेलं एक लेकरू. आणि त्याच हंगामात माझ्या वहिनीनं माझ्या भावाला एक गोष्ट विचारली. ती विचारायची नसते, हे आमच्याकडच्या बाईला कुणी न शिकवता कळतं. वहिनीची पहिली मुलगी बारशाच्या आधीच गेली होती. तिला कुठं पुरलं, एवढंच वहिनीला हवं होतं.

आमच्याकडं दात न आलेलं लेकरू जाळत नाहीत, मातीत ठेवतात. घरातले दोन पुरुष जातात, परत येतात, अंगणात हातपाय धुतात आणि कामाला लागतात. जागा कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही. बाळंतिणीला तर नाहीच. जागा कळली की आईचा जीव तिथं गुंततो आणि पुढचं लेकरू टिकत नाही, असं म्हणतात. तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, आणि दादा गेले होते. आबा आता नाहीत. म्हणजे ती जागा या जगात एकट्या दादालाच माहीत होती. वहिनीला त्यानंतर दोन मुलगे झाले, मोठे झाले, नोकरीला लागले. ती हसती-बोलती, दोन बैलांचं काम एकटी ओढणारी बाई. मी इतकी वर्षं तिच्या चुलीपाशी बसून भाकरी खाल्ली, पण तिच्या मनात ती जागा अजून शिल्लक आहे हे मला कधी कळलं नाही.

आमचं गाव पैठणच्या अलीकडं. रान काळं, पाऊस झाला की चप्पल धरून ठेवणारं. त्या काळ्या रानाच्या एका टोकाला उंचवटा आहे, त्याला आम्ही पांढर म्हणतो. कधीकाळी माणसं राहून गेलेल्या जागेची माती चुलीच्या राखेनं, शेणानं, पडलेल्या भिंतींनी पांढरट होत जाते. गावात मातीची माळवदं होती तोवर लोक पावसाळ्याच्या तोंडावर इथली माती नेऊन धाब्यावर पसरायचे, मग छत गळायचं नाही. आता सगळ्यांना स्लॅब आलेत आणि पांढरीला कुणी विचारत नाही. टोकाला एक जुनी बोर आहे. तिची बोरं आंबट आहेत, तरी मी खाते.

बापूकाकांचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या होत्या. बापूकाका म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, अंगावर कायम पांढरी टोपी आणि डोक्यात कायम काहीतरी शिजत असलेलं.

“ताई, निघ लौकर,” ते म्हणाले. “दादा पाइपलाइनची चारी काढायला व्हता पांढरीत. हंडे लागलेत. दोन. तोंडाला तोंड लावून आडवे ठिवल्याले. म्या कुणाला हात लावू दिला नाय.”

मी टाचण्या काढल्या आणि म्हटलं, “मग मी येऊन काय करू?”

“काय करू म्हंजी? आपल्यात पायाळू कोण हाय?”

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं, आणि त्याचा स्पर्श न होता ते उघडलं तर त्याचे कोळसे होतात, अशी आमच्याकडची पक्की समजूत. मला आजवर जमिनीत काहीएक दिसलेलं नाही. दुकानात पडलेली सुई शोधायला मी लोहचुंबक ठेवलंय. पायाळूची लाथ बसली की पाठीत भरलेली उसण उतरते, असंही म्हणतात, आणि लहानपणी चांगली मिशीवाली माणसं आमच्या ओट्यावर पालथी पडून मला म्हणायची, “घाल बाई.” मी मनापासून घालायचे. काही जण खरंच बरे होऊन जायचे. घाबरून झाले असतील.

मी गेले ती धनासाठी नव्हे, बापूकाका पहार घेऊन बसतील या भीतीनं. आणि जाण्याआधी देशपांडे मॅडमना फोन केला. त्या कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवतात आणि ब्लाऊजच्या बाहीवरून माझ्याशी भांडतात, इतकी आमची ओळख. मी तोंडाला तोंड लावलेल्या हंड्यांचं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, “तो हंडा नाहीये. कुणाला हात लावू देऊ नका. मी पोचते.” माझी बाही बिघडल्यावरसुद्धा त्यांचा आवाज इतका गंभीर झाला नव्हता.

तिथं निम्मं गाव जमलं होतं. पोलीस पाटील कागद घेऊन उभा. दादा चारीच्या कडेला उकिडवा बसलेला, आणि त्याच्या चेहऱ्यावर आनंद-बिनंद काही नाही. मला वाटलं, पाइपलाइन अडली म्हणून. खाली चारीत ते दोन रांजण, करडे, हातानं घडवलेले, एकाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडात बसवलेलं. मॅडम आल्या, साडी खोचून खाली उतरल्या आणि ब्रशनं माती झाडायला बसल्या. उन्हं डोक्यावर येऊन कलली तरी त्या झाडतच होत्या. बापूकाकांचा धीर सुटला. “मॅडम, आदी हिचा पाय लागू द्या,” ते म्हणाले, “मंग काय करायचं ते करा.” मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी डोळ्यांनी विनवलं, की म्हाताऱ्याचं समाधान होऊ द्या. मग मी चप्पल काढली आणि खड्ड्याच्या काठावर पाऊल टेकवलं. शेकडो डोळे माझ्या पावलाकडं. आयुष्यात इतका मान मला पुन्हा मिळाला नाही.

एका रांजणाची वरची फुटकी खापरी मॅडमनी अलगद उचलली. आत माती होती, आणि मातीत काड्यांसारखी हाडं. डोक्याची हाडं पापडासारखी पातळ. शेजारी एक लहान वाडगं, लाल, त्यावर काळ्या रेघा. मॅडम म्हणाल्या, “लेकरू आहे. वर्षाच्या आतलं.”

मागं ट्रॅक्टर चालू होता, तो कुणीतरी जाऊन बंद केला. बापूकाकांनी टोपी काढून हातात घेतली. “झोपल्यालं लेकरू उठवलं आपण,” म्हणाले आणि घराकडं चालू लागले. सकाळपासून ज्याच्या डोक्यात सोनं खुळखुळत होतं त्या माणसानं हे म्हणावं, याचं मला फार बरं वाटलं. माझ्या चुलत्याबद्दल मला जो काही आदर आहे, तो त्या दिवसापासूनचा आहे.

मग मॅडमनी रीतसर परवानगी काढली आणि पांढरीवर दोऱ्या बांधून चौकोन आखले. माझं दुकान सोमवारी बंद असतं, त्यामुळं तो सगळा हंगाम मी सोमवारी-सोमवारी जगले. सकाळी रान दवानं ओलं असायचं. ज्वारी डोक्याएवढी, कणसं भरत आलेली, आणि तिच्यातून गेलं की बाह्या भिजायच्या. दहा वाजले की ऊन गोड व्हायचं. गोवऱ्यांच्या आगटीत वहिनी कणसं भाजायची, तळहातावर चोळून हुरडा काढायची आणि फुंकर मारून आधी मॅडमच्या हातावर ठेवायची. तिळाची चटणी, गूळ, ताक. मॅडमच्या नखांत माती असायची, तशाच खायच्या. शहरात माझ्या दुकानात पाण्याचा ग्लास पुसून घेणारी ही बाई.

आणि खाली ते घर हळूहळू उघडं व्हायला लागलं. मी लहानपणी त्याच्यावर लगोरी खेळले होते. आधी भुई लागली. चोपून केलेली, सारवलेली, त्या सारवणावर पुन्हा सारवण, एकावर एक थर. मग भिंतीच्या मेढी, म्हणजे लाकडी खांब, रोवल्याच्या गोल खुणा. मग चूल. चुलीत राख होती. राखेत जळून काळे झालेले दाणे सापडले, आणि मॅडम एकेक दाणा चिमट्यानं उचलून सांगायच्या, हे जव, हे कुळीथ, आणि ही बोराची बी. मी बोर खात होते. बी थुंकू की गिळू कळेना.

मला त्या लोकांचं फार कौतुक वाटतं, आजही वाटतं, आणि ते मी कुणालाही ऐकवते. लोखंड माहीत नव्हतं त्यांना. तांबं होतं, तेही जपून वापरायचं. दगडाच्या कपच्या काढून त्यांचे विळे केले, चिखलाची घरं केली, या काळ्या चिकट रानात पीक घेतलं आणि वर पुन्हा वाडग्यावर नक्षी काढली. ती नक्षी मी हातात भिंग घेऊन बघितलीय. गोल फिरणारी काळी रेघ जिथून निघाली तिथंच येऊन मिळालीय, खाली नाही, वर नाही. हे किती अवघड आहे ते घेराच्या कापडाला काठ लावणाऱ्याला विचारा. मला तीस वर्षं झाली या धंद्यात, अजून कधीतरी अर्धं सूत हुकतं. त्या बाईनं, मी बाईच धरते, ओल्या मातीवर एका दमात ती रेघ ओढलीय. तिच्यासमोर बसून शिकायला मला आवडलं असतं.

बापूकाका आठवडाभरानं परत आले. धनाचा विषय संपला होता, आता त्यांना त्या लोकांची सगळी माहिती हवी होती. मॅडमनी त्यांना सांगितलं की दुसऱ्या काही ठिकाणी त्या काळची मोठी माणसं पुरलेली सापडलीत, त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले असतात. का, ते कुणाला नक्की माहीत नाही, पण मेलेल्यानं घर सोडून जाऊ नये म्हणून असेल. बापूकाकांनी यावर बराच विचार केला आणि माझ्या पायांकडं बघून म्हणाले, “पायाळूचे तर आदीच तोडत असतील, बाहेर आल्या-आल्या.” वहिनी हसून-हसून ठसकली. ते हसणं मला अजून आठवतं, कारण त्याच दुपारी पुढचं सगळं झालं.

मॅडम भुईचा कापलेला तुकडा दाखवत होत्या. रांजण ठेवलेला खड्डा कुठून सुरू होतो ते बोटानं आखून दाखवलं. खड्डा भरलाय, वर चोपलंय, आणि त्याच्यावरून सारवण तसंच पुढं गेलंय. चूल तिथून चार हातांवर, आणि तिची राख त्यानंतरही साठत गेलेली. “म्हणजे लेकरू गेल्यावर त्यांनी घर सोडलं नाही,” त्या म्हणाल्या. “त्याला घरातच ठेवलं. इथंच स्वयंपाक केला, इथंच झोपले.”

मला आधी ते कसंतरीच वाटलं. मला मूल नाही, त्यामुळं या बाबतीत माझं मत कुणी विचारत नाही, पण मनात आलं, कशी निजत असतील ही माणसं?

वहिनी हातातली खराटी खाली ठेवत म्हणाली, “म्हंजी आईला ठाऊक असायचं, कुठं हाय ते.”

“असणारच,” मॅडम म्हणाल्या. “तीच सारवत असेल ना वरून.”

दुपारी बोरीखाली जेवायला बसलो. दादा, मी, वहिनी, एवढेच. मॅडमच्या विद्यार्थ्यांचं टोळकं पलीकडं. तिनं दादाच्या पुढ्यात भाकरी ठेवली, वरून ठेचा वाढला आणि मीठ हवंय का विचारावं तसं विचारलं, “आपली कुठं हाय?”

दादाला लगेच कळलं. मला जरा उशिरा कळलं. त्यानं भाकरी दुमडून फडक्यात ठेवली, उठला आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेला. बैल नुकतेच पाणी प्यायले होते.

दुसरी एखादी असती तर रडली असती, किंवा माहेरी गेली असती, किंवा पुन्हा कधी बोलली नसती. वहिनीनं वेगळंच केलं. ती रोज विचारायला लागली. दिवसातून एकदा, वाढताना, त्याच आवाजात. त्याआधी आणि त्यानंतर तिचं सगळं नेहमीसारखं. कांद्याच्या रोपाचं बोलायची, थोरल्याच्या सुट्टीचं बोलायची, दादाच्या खोकल्यावर आल्याचा काढा करायची. मध्ये एकदाच, “आपली कुठं हाय?” आणि दादा रोज गप्प. मी सोमवारी जायचे तेव्हा ते माझ्यासमोर व्हायचं. एकदा मी तिला म्हटलं, “वहिनी, जाऊ दे ना आता. इतकी वर्षं झाली.”

“तुमाला काय वाटतं, म्या भांडायलीय?” ती म्हणाली. “म्या इचारायलीय. इचारलं नाय म्हणून कुणी सांगितलं नसंल.”

मी बोलण्यात सहसा हार जात नाही, गिऱ्हाइकांना विचारा. पण या बाईसमोर गेले. मला तिचा अभिमान वाटायला लागला आणि दादाचा राग यायला लागला, आणि दादा माझा लाडका भाऊ आहे, त्यामुळं दोन्हींचा त्रास होत होता. शहरात मशीनवर बसले तरी डोक्यात तेच. पायाखाली मशीनचा पट्टा फिरतोय आणि मी तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या बाईचा विचार करतेय. तिनं सारवणाचा पोतेरा हातात घेतला असेल, चुलीपासून सुरुवात केली असेल, आणि त्या जागेवरून हात फिरवताना तो जरा हळू झाला असेल. रोजच्या कामातच तिला ते मिळत होतं. कुणाची परवानगी नको, कुणाला विचारायला नको. आम्ही किती पुढं आलो म्हणतो, स्लॅब टाकले, मोबाइल आले, आणि एवढी साधी गोष्ट आमच्या बाईला मिळाली नाही.

ते रांजण आता मॅडमच्या विभागात काचेच्या कपाटात आहेत. परवाच बघून आले, काळे ब्लाऊज पोचवायला गेले होते तेव्हा. फुटलेला भाग त्यांनी इतका नीट जोडलाय की जोड दिसत नाही. हाडं कापसात ठेवून वेगळ्या पेटीत आहेत. पेटीवर मुलगा की मुलगी ते लिहिलेलं नाही, तसं एवढ्या लहान हाडांवरून सांगता येत नाही म्हणे. मी थोडा वेळ उभी राहिले. मॅडमनी चहा मागवला आणि नेहमीसारखं बाहीचं भांडण काढलं नाही.

त्या हंगामाच्या शेवटाला, ज्वारी वाळून कडक झाली होती आणि काढणी सुरू झाली होती, तेव्हाचा सोमवार. गावातल्या बायका पाथी, म्हणजे आपापल्या ओळी, धरून ज्वारी उपटत पुढं सरकत होत्या. वहिनी सकाळी त्यांच्यात आणि दुपारी आमच्यात. मॅडम दादाकडं आल्या. घराची एक भिंत बोरीच्या अंगाला गेलेली दिसते आहे, एक चौकोन तिकडं वाढवला तर सगळं घर हाती लागेल, असं म्हणाल्या.

“तिकडं नाय,” दादा म्हणाला.

“झाडाला धक्का लागणार नाही, मी हमी देते.”

“मॅडम, इकडं पायजे तेवढं खांदा. ज्वारी मोडली तरी चालंल. तिकडं नाय.”

दादा कुणाला नाही म्हणणारा माणूस नाही. चारी बुजवून पाइपलाइन लांबून नेली, त्याचा वेळ मोडला, पण त्यानं मॅडमना एका शब्दानं अडवलं नव्हतं. बापूकाका माझ्या कानाशी लागले, “बग, म्या म्हणलं नव्हतं? तिकडं असंल कायतरी.” मॅडम शहाण्या आहेत. त्यांनी दादाच्या तोंडाकडं बघितलं, बरं म्हणाल्या आणि दोऱ्या गुंडाळायला लागल्या. त्यांनी तो चौकोन त्या हंगामात उघडला नाही, पुढंही कधी मागितला नाही. सगळं घर हाती लागायचं राहिलं ते राहिलंच.

मी वहिनीकडं बघितलं. ती बोरीकडं बघत होती. मग दादाकडं. मग पुन्हा बोरीकडं.

जेवायला बसलो. तिनं भाकरी वाढली, ठेचा वाढला, तांब्या पुढं सरकवला आणि विचारलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा विचारलं नाही. दादानं भाकरीचा तुकडा मोडला. तो तोंडात गेला नाही, हातातच राहिला. बायका लांबून एकमेकींना हाका मारत होत्या, ज्वारीच्या पेंढ्या पडल्याचा आवाज येत होता.

“चल,” दादा म्हणाला.

वहिनी उठली. तिनं माझं मनगट धरलं, म्हणून मीही गेले. बोरीच्या पलीकडच्या अंगाला, जिथं पांढर जरा उतरते, तिथं दादा थांबला. तिथं काही नव्हतं. दगड नाही, खूण नाही, थोडं वाळलं गवत.

“हितं,” तो म्हणाला. मग म्हणाला, “आबा म्हणले व्हते, वढ्याच्या काठाला ठिवू. म्या म्हणलं नाय. काळी उन्हाळ्यात उलती. हात जाईल एवढ्या भेगा पडत्यात, कुत्री उकरत्यात. पांढर उलत नाय. म्हणून हितं आणली.”

लोक माळवदासाठी पांढरीची माती न्यायचे त्या वर्षांत दादानं बोरीच्या बाजूची माती कुणाला उचलू दिली नव्हती. त्यावरून एकदा भांडण झालं होतं आणि गावानं त्याला मातीचा कंजूष ठरवलं होतं. मीही हसले होते त्याला. तो उन्हात उभा होता, हातात अजून तो भाकरीचा तुकडा, आणि मला त्याच्याबद्दल इतकं भरून आलं की मी सरळ रडायला लागले. ते दोघं रडत नव्हते. मीच रडत होते.

“मंग बोलले कामून नाय इतकी वर्षं?” वहिनी म्हणाली.

“आबांनी शपथ घातली व्हती. मंग पोरं झाली. जगली. मंग वाटायचं, आता सांगितलं आन् पोरांला काय झालं तर.”

“आबा जाऊन किती साल झाले.”

“आबा गेले,” दादा म्हणाला. “भ्या कुठं गेलं.”

वहिनी खाली बसली. तळहात गवतावर ठेवला, थोडा इकडं, थोडा तिकडं, तापलेलं लेकरू चाचपावं तसा. दादानं वाकून तिचा हात मनगटापाशी धरला आणि वीतभर उजवीकडं सरकवला. मग सोडला. मला वाटलं आता हिचा बांध फुटेल, आणि मी पुढं सरकले, पण तसं काही झालं नाही. ती बोलायला लागली, आमच्यापैकी कुणाकडं न बघता.

“सासूबाई म्हणायच्या, हिचं खुरपं वरवरचं. गवत कापती, मूळ सोडती. बायका हसायच्या. खरंच व्हतं ते. म्या कदी खुरपं खोल घातलंच नाय. कपाशीत नाय, तुरीत नाय, कुठंच नाय. वाटायचं, हितं असंल. दोन हात पुढं गेलं की वाटायचं, का हितं असंल. सगळं रान तसंच निंदलं म्या.”

वहिनी उठली. हाताची माती पदराला पुसायची तिची सवय, पण ती तिनं पुसली नाही. जागेकडं एकदा नीट बघून घेतलं.

“एवढी सोडली,” ती म्हणाली, “तर बाकीचं रान आता मोकळं हाय.”

तिनं पदर खोचला, उतारावरून खाली गेली, बायकांच्या रांगेत आपली पाथ धरली आणि दोन्ही हातांनी ज्वारी मुळासकट उपटायला लागली.